डेप्थ चार्ज उशिरा का आला, आणि इतका का चुकायचा?

प्रश्न असा आहे: २२ सप्टेंबर १९१४ ला 'यू-९' या एकट्या जर्मन पाणबुडीने दीड तासात तीन ब्रिटिश क्रूझर बुडवल्या, चौदाशेच्या वर माणसं गेली. धोका इतका उघड असताना पाण्याखालच्या पाणबुडीला मारणारं अस्त्र यायला १९१६ का उजाडलं? आणि आल्यावरही डेप्थ चार्ज, म्हणजे ठरावीक खोलीवर फुटणारी दारूची पिंपं, डझनांनी टाकूनसुद्धा पाणबुड्या निसटायच्या, ते त्यातली दारू कमी पडायची म्हणून का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण त्यातून पहिल्याचं आपोआप मिळतं. दारू भरपूर होती. कमी पडत होते ते सेकंद. पाणबुडी कुठे आहे हे कळणं आणि स्फोट होणं, या दोहोंत जो वेळ जातो तेवढ्यात ती तिथून निघून जाते. १९१४ पासून १९४५ पर्यंत या क्षेत्रातली प्रत्येक सुधारणा बघा, ती शेवटी हा वेळ कापण्याचीच खटपट होती. काहींच्या हे लक्षात आलं, काही नुसतीच दारू वाढवत बसले. नौदलातली माझी बरीच वर्षं पाणबुडीविरोधी शस्त्रांच्या देखभालीत गेली, तेव्हा उत्तर जरा लांबेल.

युद्ध सुरू झालं तेव्हा पाण्यात बुडी मारलेल्या पाणबुडीवर मारा करायला ब्रिटिश नौदलाकडे जवळपास काहीच नव्हतं. वर आलेली पाणबुडी तोफेने फोडा किंवा जहाज अंगावर घाला, एवढंच. जहाज अंगावर घालण्याचा उपाय हसण्यासारखा नव्हता. ९ ऑगस्ट १९१४ ला 'बर्मिंगहॅम' या क्रूझरने 'यू-१५' अशीच कापली. मार्च १९१५ मध्ये 'ड्रेडनॉट' या अवाढव्य युद्धनौकेने 'यू-२९' चिरडली आणि तिच्याबरोबर ते तीन क्रूझर बुडवणारा कप्तान ऑटो वेडिगेनही गेला. पण त्यासाठी पाणबुडी पृष्ठभागाशी हवी आणि तिचा कप्तान गाफील हवा.

तोफ का चालत नव्हती, हे नव्या मुलांना नेहमी समजावून सांगावं लागतं. टोकदार नळकांड्यासारखा गोळा उथळ कोनात पाण्यावर आपटला की आत न जाता उसळी मारतो, किंवा फ्यूज पाण्याच्या धक्क्यानेच उडून वरच्या वर फुटतो. आत गेलाच तर काही फुटांत त्याची सगळी गती संपते. पुढे चपट्या नाकाचे गोळे आले, उंच फेक करणाऱ्या आखूड हॉवित्झर तोफा जहाजांवर चढवल्या, पण मुळात पाण्यात गोळा 'मारता' येत नाही. स्फोटक तिथवर पोचवावं लागतं आणि योग्य खोलीवर ते स्वतःहून फुटावं लागतं. अडचण नेमकी इथेच होती.

मधल्या काळात जे प्रयोग झाले ते वाचताना आज करमणूक होते. काठीच्या टोकाला सात पौंड दारू बांधलेला 'लान्स बॉम्ब', तो डेकवरून हाताने फेकायचा. पाण्यात पसरलेली पोलादी जाळी. लहान होड्यांमधून घण घेऊन जायचं, पेरिस्कोप दिसला की फोडायचा, असेही किस्से सांगतात. ब्रिटनच्या बोर्ड ऑफ इन्व्हेन्शन अँड रिसर्चने तर पाणबुडी हुडकायला समुद्रसिंहांना शिकवून बघितलं. हे मी थट्टेने लिहीत नाही. ज्याला शत्रू कुठे आहे हेच कळत नाही तो काहीही करून बघतो.

त्यातला एक उपाय मात्र विचारी होता. त्याला 'मॉडिफाइड स्वीप' म्हणत. दोनशे फूट लांबीच्या तारेच्या फासात प्रत्येकी ८० पौंडांचे नऊ स्फोटक डबे, वर तरंगता दांडा, खाली तार खोल धरून ठेवणारी पतंगासारखी फळी. विनाशिकेने हे सगळं मागे ओढायचं, तारेला काही अडलं की डेकवरून विजेने उडवून द्यायचं. ४ मार्च १९१५ ला डोव्हरच्या सामुद्रधुनीत 'यू-८' ही पाणबुडी अशीच अडकली. उडवणाऱ्या विनाशिकेचं नाव 'गुरखा' होतं. पण हे लोढणं मागे बांधलेलं असताना जहाज वेगाने वळू शकत नसे आणि फास नेमका पाणबुडीवरून जाणं हा नशिबाचा भाग. बर्नी या अधिकाऱ्याने पाण्यात उडणाऱ्या पंखासारखं 'पॅरावेन' तयार केलं, त्यानेही वेग थोडा वाढला, नशिबाचा वाटा तेवढाच राहिला.

पाण्यात टाकायचा सुरुंग ही कल्पना तशी युद्धाच्या आधीपासून चर्चेत होती. १९१४ मध्ये नौदलाच्या वरिष्ठांनी तशी मागणीही केली. पहिले नमुने तरंगत्या बोयाचे आणि दोरीचे होते: वर एक बोया, त्याला ठरावीक लांबीची दोरी, खाली बॉम्ब. बॉम्ब दोरीच्या टोकाला पोचला की हिसका बसून चाप ओढला जाई. कागदावर छान. प्रत्यक्ष समुद्रात दोरी गुंतते, जहाजाच्या पंख्यात जाते, लाटेत बोयाला धक्का बसून आधीच उडतं. जहाजाच्या पिछाडीवर दारूने भरलेली आणि दोरीवर अवलंबून असलेली वस्तू कोणत्याच कप्तानाला नको असते.

खरी किल्ली सापडली ती पोर्ट्समथला, 'एचएमएस व्हर्नन' या टॉर्पेडो आणि सुरुंगाच्या शाळेत. हर्बर्ट टेलर यांनी पाण्याच्या दाबावर चालणारं पिस्तूल, म्हणजे दारू उडवणारी कळ, बसवलं. पाण्यात दर दहा मीटरला साधारण एक वातावरणाइतका दाब वाढतो आणि हा नियम ना लाटेने बदलतो ना जहाजाच्या वेगाने. तो दाब स्प्रिंगवर आला की चाप सुटतो. म्हणजे खोली मोजायला दोरी नको, बोया नको, समुद्रच मोजून देतो. जानेवारी १९१६ पर्यंत हा 'टाइप डी' डेप्थ चार्ज जहाजांवर पोचू लागला: पिंपाच्या आकाराचा, आत ३०० पौंड टीएनटी किंवा अमॅटॉल, आणि खोलीचे दोनच पर्याय, ४० फूट किंवा ८० फूट.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे. पिंप आणि दारू कधीपासून होती. अडलं होतं भरवशाचं आणि जहाजावर सुरक्षित राहणारं पिस्तूल, आणि ते कारखान्यात हजारोंनी बनवणं. लोकांना वाटतं तितकी दिरंगाई नव्हती. प्रत्येक जहाजाच्या वाट्याला सुरुवातीला दोनच चार्ज येत.

या पिंपासोबत एक '१२० पौंडी' धाकटा भाऊही आला, तो का आला हे समजून घेण्यासारखं आहे. पिंप सेकंदाला साधारण आठ फूट बुडतं असं धरा. ४० फुटांवर लावलं तर पाच सेकंदांत फुटणार. विनाशिका २५ नॉटने चालली असेल तर पाच सेकंदांत साठ-पासष्ट मीटर पुढे गेलेली असते. मासेमारीचा ट्रॉलर, ज्यांच्यावर तेव्हा गस्तीचं बरंचसं काम होतं, तो आठ-नऊ नॉटने जेमतेम बावीस मीटर गेलेला असणार, आणि ३०० पौंड दारू त्याच्याच पिछाडीखाली उडणार. पाणबुडी वाचेल, ट्रॉलरचं सुकाणू जाईल. म्हणून मंद जहाजांना कमी दारू. सेकंदांचा हिशेब पहिल्या दिवसापासून गळ्यात पडला होता तो असा.

पहिलं ठळक यश २२ मार्च १९१६ ला आयर्लंडच्या नैऋत्य किनाऱ्याजवळ मिळालं, पण ते निव्वळ डेप्थ चार्जचं म्हणता येणार नाही. 'फार्नबरो' हे मालवाहू दिसणारं फसवं जहाज होतं, तोफा लपवलेल्या, कप्तान गॉर्डन कॅम्पबेल. 'यू-६८' चा टॉर्पेडो चुकला तरी जहाज काही न कळल्यासारखं चालत राहिलं. पाणबुडी वर आली, इशाऱ्याची तोफ डागली. जहाजावरच्या काहींनी घाबरून पळण्याचं नाटक करत होड्या सोडल्या. पाणबुडी जवळ येताच पडदे पडले आणि तोफा सुरू झाल्या. बुडी मारू लागलेल्या पाणबुडीवर कॅम्पबेलने जहाज नेलं आणि डेप्थ चार्ज टाकला, तेव्हा तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, जवळपास सरळ उभी पाण्याबाहेर आली. इथे लक्षात घ्या, पाणबुडी नुकतीच डोळ्यांसमोर बुडाली होती. ती कुठे आहे हे शोधावं लागलंच नाही.

खरी अडचण ती दिसत नसताना होती. त्या युद्धात ऐकायचं साधन म्हणजे हायड्रोफोन. त्यातून फार तर दिशा कळे, अंतर नाही. आणि ऐकण्यासाठी स्वतःची इंजिनं बंद करावी लागत. म्हणजे ऐकायचं तर थांबा, मारायचं तर धावा, आणि धावलात की बहिरे. १९१७ च्या फेब्रुवारीत जर्मनीने बेछूट पाणबुडीयुद्ध पुकारलं, एप्रिलमध्ये जहाजांची हानी शिगेला पोचली, मग काफिल्याची, म्हणजे व्यापारी जहाजं संरक्षक जहाजांसह एकत्र नेण्याची, पद्धत आली. काफिल्याचा एक फायदा क्वचितच सांगितला जातो: पाणबुडीला भक्ष्यासाठी संरक्षक जहाजांजवळ यावंच लागतं, आणि टॉर्पेडोची पांढरी रेघ तिचा पत्ता दाखवते. डेप्थ चार्जला जो पत्ता हवा होता तो असा मिळू लागला. १९१७ मध्ये थॉर्निक्रॉफ्टचं फेकयंत्र आलं, त्याने पिंप बाजूला चाळीस यार्डांवर फेकता येई. अमेरिकनांनी दोन्ही बाजूंना एकदम फेकणारी 'वाय' आकाराची तोफ केली. पिस्तुलावर दोनशे फुटांपर्यंतचे पर्याय आले. शेवटच्या वर्षात महिन्याला हजाराहून जास्त चार्ज खर्ची पडू लागले. तरी त्या युद्धात सुरुंगांनी डेप्थ चार्जपेक्षा जास्त पाणबुड्या खाल्ल्या. आयत्या वाटेत पेरून ठेवलेल्या सुरुंगाला कोण कधी येणार हे माहीत असावं लागत नाही.

आता दारूकडे येतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत.

पाण्यातला स्फोट हवेतल्यापेक्षा घातक असतो हे बरोबर. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे धक्क्याची लाट जोर न गमावता दूर जाते. मागोमाग वायूचा बुडबुडा फुगतो, आकसतो, पुन्हा फुगतो आणि प्रत्येक वेळी नवा दाब देतो. पण पाणबुडीचा दाबसह सांगाडा जाड पोलादाचा, गोल छेदाचा असतो. तो फोडायला धक्का फार जवळून लागतो. पहिल्या महायुद्धात ३०० पौंडांच्या चार्जविषयी समज असा होता की १४ फुटांच्या आत पाणबुडी फुटते, २८ फुटांपर्यंत ती वर यायला भाग पडेल इतकी निकामी होते, त्यापलीकडे दिवे फुटतात, माणसं हादरतात, आणि तेवढंच.

मग दारू दुप्पट करा! करा की. पण धक्क्याच्या लाटेची पोच दारूच्या वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. वजन दुप्पट केलं तर पोच सव्वापट. पोच दुप्पट हवी असेल तर वजन आठपट, म्हणजे ३०० पौंडांच्या जागी २४०० पौंड. ब्रिटिशांनी पुढे खरोखरच एक टनी डेप्थ चार्ज केला, टॉर्पेडोच्या नळीतून सोडायचा. त्याने पाणबुड्या बुडवल्याही. पण असे किती नेणार आणि टाकल्यावर पळणार कुठे? दारूच्या वाटेने गेलं की हा हिशेब गळा धरतो.

याउलट वेळाचा हिशेब मांडून बघू. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांकडे असडिक होतं, म्हणजे आजच्या सोनारचं मूळ रूप: आवाजाची टिचकी सोडायची आणि प्रतिध्वनी ऐकायचा. दिशा आणि अंतर दोन्ही कळू लागलं. पण त्याचा झोत पुढे, जवळजवळ आडवा जाई. जहाज पाणबुडीजवळ पोचलं की ती झोताच्या खाली जायची आणि प्रतिध्वनी बंद. पाणबुडी जितकी खोल तितका संपर्क आधी तुटे; अनुभवी कप्तान तुटण्याच्या अंतरावरूनच खोलीचा अंदाज बांधत. समजा संपर्क २५० मीटरवर तुटला. पंधरा नॉट म्हणजे सेकंदाला पावणेआठ मीटर. तिथवर पोचायला बत्तीस सेकंद. चार्ज पिछाडीवरून पडतो, तेव्हा जहाजाच्या लांबीचे आणखी दहा. पाणबुडी ९० मीटर खोल आणि चार्ज सेकंदाला तीन मीटर बुडतोय, तर आणखी तीस. एकूण सत्तरच्या वर. एवढ्यात चार नॉटने चाललेली पाणबुडी जवळपास दीडशे मीटर सरकलेली असते, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या दुपटीहून जास्त, आणि कुठल्या दिशेला ते तिच्या कप्तानाच्या मर्जीवर. इकडे मारक पल्ला सहा-सात मीटर. धावत्या एसटीच्या मागच्या खिडकीतून, मिनिटभरापूर्वी दिसलेल्या कोंबडीवर दगड टाकावा, तसलं हे काम.

वर आणखी एक. चुकलेले स्फोट पाणी इतकं ढवळून टाकत की दहा-पंधरा मिनिटं असडिकला भलतेच प्रतिध्वनी ऐकू येत. त्या गोंधळाचा आडोसा घेऊन पाणबुडी निघून जाई. चित्रपटांत त्या पांढऱ्या पाण्याच्या भिंती फार शोभतात, पण बहुतेक वेळा त्या शत्रूच्याच कामी येत.

त्यात पिस्तुलाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांचा मुख्य डेप्थ चार्ज 'मार्क ७' होता, आत २९० पौंड दारू. पिंपाच्या मधोमध आरपार नळी. एका तोंडाने पिस्तूल, दुसऱ्या तोंडाने प्रायमर, म्हणजे मुख्य दारू पेटवणारा छोटा स्फोटक. पिस्तुलाच्या तोंडावर चावी लावून खोली निवडायची. त्या चावीने स्प्रिंग घट्ट-सैल होते असं वाटतं, पण ती फिरवल्यावर बदलतं ते पाणी आत शिरण्याचं भोक. मोठं भोक, पाणी पटकन भरतं, उथळ फुटतं. बारीक भोक, पाणी सावकाश भरतं, खोल फुटतं. म्हणजे चावीवर फूट लिहिलेले असले तरी आत बसलेलं यंत्र हे पाण्याचं घड्याळच, जुन्या घटिकापात्राच्या जातीचं. ते घड्याळ 'मी किती वेळ बुडतोय' एवढंच सांगतं. म्हणून त्याच पिंपाला १५० पौंडांचं लोखंडी वजन बांधून वेगाने बुडवलं, की त्याच भोकावर ते आणखी खोल जाऊन फुटे. ब्रिटिशांनी या गुणाचा उपयोग करून घेतला: दहा चार्जच्या माऱ्यात अर्धे हलके, अर्धे जड, हलके पाणबुडीच्या वर फुटणार, जड खाली. अमेरिकनांनी मार्क ९ ला थेंबाचा आकार आणि पंख दिले, तो सरळ आणि जवळपास दीडपट वेगाने बुडू लागला. दारू कमी, वेळ कमी. मला विचाराल तर हा त्या काळातला शहाणा सौदा.

या पिस्तुलाची दुसरी बाजू फार क्रूर होती. डेप्थ चार्ज लावून ठेवलेलं जहाज स्वतःच बुडू लागलं तर ती सगळी पिंपं त्याच्याबरोबर खाली जातात, आपापल्या खोलीवर फुटतात, आणि वर पाण्यात पोहणारे आपलेच खलाशी मरतात. असं अनेकदा झालं. म्हणून जहाज सोडण्याचा हुकूम होताच कोणीतरी पिछाडीला धावत जाऊन एकेका पिंपाची चावी 'सेफ' वर फिरवायची. पिस्तूल हातात घेतलं की ती चावी अंधारात, चाचपून, ओल्या बोटांनी फिरवता यावी अशीच बनवली आहे हे लगेच जाणवतं.

खोली ठरवण्यातली चूक किती महाग पडते याची दोन उदाहरणं. ऑगस्ट १९४१ मध्ये 'यू-५७०' ही पाणबुडी ब्रिटिशांच्या हाती धडधाकट लागली आणि जर्मन पाणबुड्या आपल्या अंदाजापेक्षा पुष्कळ खोल जाऊ शकतात हे उमगलं. तोवर चार्ज त्यांच्या डोक्यावर फुटत होते. दुसरं प्रशांत महासागरातलं. जपानी आपले चार्ज फार उथळ लावत. जून १९४३ मध्ये अँड्र्यू मे या अमेरिकन संसद सदस्याने पत्रकारांसमोर हेच अभिमानाने सांगून टाकलं. पाणबुडी दलाचे प्रमुख अॅडमिरल लॉकवुड यांच्या मते त्या बडबडीची किंमत दहा पाणबुड्या आणि आठशे माणसं होती. आकडा रागाच्या भरात काढलेला असेल, पण राग समजण्यासारखा आहे.

आता माझ्या आवडीची गोष्ट, कारण इथे नवं शस्त्र काहीच नव्हतं. १९४१ मध्ये ब्रिटनच्या किनारी हवाई दलाची विमानं पाणबुड्यांवर डेप्थ चार्ज टाकत, १०० फुटांवर लावलेले. तर्क असा की विमान दिसताच पाणबुडी बुडी मारते, विमान पोचेपर्यंत ती साधारण तेवढी खोल गेलेली असते. ई. जे. विल्यम्स हा भौतिकशास्त्रज्ञ तिथल्या संशोधन गटात होता. त्याने हल्ल्यांचे अहवाल काढून वेगळाच प्रश्न विचारला: ज्या वेळी पाणबुडी खरोखर १०० फूट खोल असते तेव्हा ती नेमकी कुठे आहे हे वैमानिकाला माहीत असतं का? नसतं. ती गडप होऊन बराच वेळ झालेला असतो, चार्ज कुठेतरी पडतो. आणि जेव्हा ती पृष्ठभागावर किंवा नुकती बुडलेली असते, म्हणजे नेम अचूक असतो, तेव्हा चार्ज १०० फुटांवर जाऊन तिच्यापासून दूर फुटतो. नेम असतो तेव्हा खोली चुकते, खोली बरोबर तेव्हा नेम नसतो. उपाय: दूर गेलेल्यांचा नाद सोडा, चार्ज २५ फुटांवर लावा. त्या काळच्या पिस्तुलांना इतकं उथळ लावताच येत नव्हतं, ते सुधारायला वेळ गेला. पण बदलल्यावर पाणबुड्या बुडण्याचं प्रमाण अनेक पटींनी वाढलं, आणि पकडलेल्या जर्मनांना वाटलं ब्रिटिशांनी नवी जबरदस्त दारू शोधली. या सगळ्या कामाचे सूत्रधार पॅट्रिक ब्लॅकेट. स्वातंत्र्यानंतर नेहरूंनी संरक्षण संशोधनाबाबत सल्ला घ्यायला ज्यांना बोलावलं आणि ज्यांनी १९४८ मध्ये अहवाल दिला, तेच हे ब्लॅकेट.

जहाजांसाठी उत्तर निघालं ते असं: संपर्क तुटायच्या आधीच मारा, म्हणजे पुढच्या दिशेने. तेच 'हेजहॉग'. मुळात खुंट्याची तोफ, दांड्यावर पोकळ शेपटीचा बॉम्ब बसवायचा, अशी कल्पना स्ट्युअर्ट ब्लॅकर या गृहस्थाची. हा जुना हिंदी लष्करातला माणूस, गाइड्स पलटणीत होता, १९३३ मध्ये एव्हरेस्टवरून गेलेल्या विमानातही होता. त्याची रणगाडाविरोधी तोफ नौदलाच्या चमत्कारिक शस्त्रांच्या खात्याने उचलली आणि सायाळीच्या काट्यांसारखे २४ खुंटे एका चौकटीवर बसवले. बॉम्ब प्रत्येकी ६५ पौंडांचा, त्यात दारू अवघी ३५ पौंड टॉर्पेक्स. दोनशे-अडीचशे यार्ड पुढे गोलाकार पडत. पाण्यात एक छोटा पंखा फिरून फ्यूज जिवंत होई आणि पाणबुडीला शिवला तरच बॉम्ब फुटे. सेकंदाला सात मीटर बुडणार. असडिकचा संपर्क शाबूत असतानाच डागायचा. सत्तर सेकंदांचे झाले वीस.

दारू आठपट कमी आणि परिणाम कितीतरी जास्त. युद्धानंतर ब्रिटिशांनी मोजदाद केली: डेप्थ चार्जचे साधारण साठ हल्ले तेव्हा एक पाणबुडी; हेजहॉगचे सहाएक हल्ले तेव्हा एक. अंगाला चिकटून फुटलेले ३५ पौंड पुरतात.

तरी खलाशांना हेजहॉग आवडत नव्हता. चुकला तर काहीच होत नसे: ना आवाज, ना पाण्याची भिंत. खाली बसलेल्या शत्रूला घाबरवल्याचं समाधान नाही. शिवाय चोवीस खुंट्यांचा दणका खाली डेकला बसे, तो सोसावा म्हणून बॉम्ब एकदम न डागता अडीचेक सेकंदांत जोडीजोडीने डागत. अगदी लहान बोटींना तेही झेपेना, त्यांच्यासाठी अमेरिकनांनी रॉकेटचा 'माऊसट्रॅप' काढला. सुरुवातीला बऱ्याच कप्तानांनी हेजहॉगवर ताडपत्री टाकून जुनी पिंपंच वापरली. मे १९४४ मध्ये 'यूएसएस इंग्लंड' या छोट्या अमेरिकन जहाजाने बारा दिवसांत सहा जपानी पाणबुड्या हेजहॉगने बुडवल्या, मग कुरकुर थांबली.

डेप्थ चार्ज मात्र गेला नाही. कॅप्टन वॉकर या ब्रिटिश कप्तानाने जुन्याच पिंपांनी दुसरी युक्ती केली: एका जहाजाने लांब राहून असडिक लावून धरायचं, दुसऱ्याने असडिक बंद ठेवून हळूच पाणबुडीच्या डोक्यावर जायचं आणि पहिल्याच्या इशाऱ्यावर पिंपं सोडायची. पाणबुडीतल्या माणसाला वेगवान पंख्याचा आवाज येतच नाही, मग तो वळणार कधी? पाणबुडीला मिळणारे सेकंद असेही कापता येतात. वॉकरच्या जहाजांच्याच 'ब्लॅक स्वान' वर्गातली 'सतलज', 'जमुना' ही रॉयल इंडियन नेव्हीची जहाजं होती. ११ फेब्रुवारी १९४४ ला विशाखापट्टणमजवळ काफिल्यावर हल्ला करणारी जपानी 'आरओ-११०' 'जमुना' आणि दोन ऑस्ट्रेलियन जहाजांनी मिळून बुडवली.

हेजहॉगनंतर 'स्क्विड': तीन नळ्यांची १२ इंची तोफ, प्रत्येक बॉम्बमध्ये २०७ पौंड दारू, आणि खोली मोजणाऱ्या नव्या असडिकवरून घड्याळी फ्यूज डागण्याच्या क्षणापर्यंत आपोआप लावला जाई. म्हणजे हेजहॉगचा वेग आणि डेप्थ चार्जचा दणका. ३१ जुलै १९४४ ला 'लॉक किलिन' या फ्रिगेटने 'यू-३३३' त्यानेच बुडवली. युद्धातल्या हल्ल्यांपैकी साधारण दर तिनात एक यशस्वी.

त्याचा पुढचा अवतार 'मॉर्टर मार्क १०', ज्याला 'लिम्बो' म्हणत, तो माझ्या हाताखालून गेला. मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या 'निलगिरी' वर्गाच्या पहिल्या फ्रिगेटांवर तो पिछाडीच्या खड्ड्यात बसवलेला होता. तीन नळ्या, भरताना जवळजवळ आडव्या होत, शेजारच्या खोलीतून बॉम्ब ढकलले जात, मग त्या उभ्या राहून जहाज कसंही हललं तरी सोनारने दाखवलेल्या बिंदूकडे तोंड धरून बसत. तेल लावलेल्या त्या नळ्या समुद्र खवळलेला असताना डुलताना दिसायच्या; डुलत होतं जहाज, नळ्या स्थिर होत्या. पल्ला हजार यार्डांपर्यंत.

आणि हा पल्लाच अपुरा ठरला. 'आयएनएस खुखरी' वर असे दोन मॉर्टर होते. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ पाकिस्तानी 'हंगोर' ने तिला टॉर्पेडोने बुडवलं. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. मॉर्टरच्या पोचेच्या कितीतरी बाहेरून डागलेला, आवाजाचा माग काढणारा टॉर्पेडो असेल तर जहाजावरून बॉम्ब फेकण्याला अर्थ उरत नाही. म्हणून आता मुख्य काम हेलिकॉप्टर आणि स्वतः माग काढणाऱ्या टॉर्पेडोंकडे आहे. शस्त्र पाण्यात पडल्यावर लक्ष्य हलू शकतं ही जुनी अडचण टॉर्पेडोने उलटवली: लक्ष्य हलतं, तर शस्त्रही मागोमाग हलतं.

कोणी विचारेल, मग २०२५ मध्ये नौदलात आलेल्या, वसईजवळच्या किल्ल्याचं नाव असलेल्या 'आयएनएस अर्नाळा' वर पाणबुडीविरोधी रॉकेट कशाला? किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात टॉर्पेडोला तळाचे आणि पृष्ठभागाचे प्रतिध्वनी फसवतात. ठरावीक खोलीवर फुटणाऱ्या रॉकेटला कशाचेच प्रतिध्वनी ऐकायचे नसतात, ते स्वस्त असतं, आणि संशयावरूनही डागता येतं. शिवाय अंगावर येणाऱ्या टॉर्पेडोच्या वाटेत स्फोटांची रांग उभी करायलाही तेच रॉकेट वापरतात.